निवळ

चार अंशांच्या कपाटात
अठरा दिवसांनी तू नाण्याएवढी झालीस.
एवढ्या वेळात आमच्या चिलोए बेटावर
कुंपणाच्या खांबालाही पालवी फुटते.

तुला आणलं दक्षिणेच्या टोकावरून,
पेंग्विनांच्या शिटीचा वास मारणाऱ्या मातीतून,
दगडफुलाच्या बुडाशी चमच्याने खरवडून.
दुहेरी हातमोज्यांतही बोटं माझी राहिली नव्हती,
तू मात्र जेवत होतीस.
सावकाश,
घाई नावाची गोष्ट तिथवर
पोचलीच नसल्यासारखी.

बाबांना फोनवर सांगितलं,
हिच्या विकराने रस निवळतो, न तापवता.
गराला धरून ठेवणारा डिंक तोडते ही
दहा अंशांवर, तुमच्या मे महिन्यातल्या पडवीत.
ते म्हणाले, निवळतो म्हणजे?
म्हटलं, ग्लासातून पलीकडची खाडी दिसेल.
बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला.
मग म्हणाले,
खाडी तर तशीही दिसते.

मागे एकदा पुएर्तो मोंतच्या कारखान्याने
आमची सफरचंदं नेली होती,
तापवून, गाळून, बाटलीबंद करून
एक पेटी भेट म्हणून पाठवली.
बाबांनी हुंगलं आणि बूच परत लावलं.
फळाचा वास होता, पण शिजलेल्या,
झाडावरच्या नव्हे.
म्हणून तर मी
बुरशीच्या नादी लागले.

तुझा अर्क अंगठ्याएवढ्या कुपीत,
कुपी बर्फाच्या डब्यात, डबा मांडीवर.
होडी उशिरा लागली.
टेबलावर ठेवलं सगळं, आणि बूट न काढता झोपले.

सकाळी लाकडी डोणीत सफरचंदं पडली,
आल्मोनासिद भावांनी लांब काठ्या उचलल्या,
दोन्या रुफिनाने नेहमीप्रमाणे
कोण चुकतंय ते मोठ्याने सांगितलं.
रस आला, तपकिरी, दाट, माश्यांना आवडणारा.
मी कुपी शोधली.

ती चुलीच्या कठड्यावर होती.
बाबांच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली,
उबदार,
नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखी.

रात्री लाकूड सारायला उठलो, ते म्हणाले,
डब्यातला बर्फ बघितला.
एवढ्या लांबून आली बिचारी,
तिथेही गारठा, इथेही गारठाच.

कसं सांगायचं?
रुफिनाच्या हातातल्या सुया बघून सांगितलं.
घट्ट विणीचे असतात ते गारठ्यात आखडतात,
हलत नाहीत, काम करत नाहीत.
हिची वीण सैल आहे,
म्हणून ती थंडीत हलू शकते.
आणि म्हणूनच उबेत
उसवते.
धागा तोच, लांबी तीच,
पण स्वेटर उरत नाही.

बाबांनी मोजा उलटा केला, सुलटा केला,
मग पायात घातला.

त्या वर्षी पिंप गढूळच राहिलं.
आल्मोनासिद प्याले, रुफिना प्याली,
कुणाला काही कमी वाटलं नाही.
मला वाटलं.
मीही प्याले.

प्रयोगशाळेत तू होतीसच,
ताटलीत, कडेने जरा हिरवट,
आपण मेलो हे माहीत नसलेली.
तुझ्यापासून पुन्हा अर्क काढला, पुन्हा गाळला.
वहीत तापमानाच्या रकान्याखाली
एक ओळ लिहिली आणि खोडली:
मायेने नष्ट.

या मे महिन्यात मला जाता आलं नाही.
कुपी होडीवाल्याच्या हाती दिली.
तिसऱ्या रात्री बाबांचा फोन.
निवळलं का, मी विचारलं.
ते म्हणाले, ते उद्या बघू.
तुझी ती बाहेर आहे,
खिडकीच्या फळीवर, पावसात.
दोनदा उठून बघून आलो.

मोजा? मी विचारलं.

नाही घातला, ते म्हणाले.
हात खिशात ठेवले होते.